नवी वेबसाइट गुगलवर दिसत नाही? काय तपासायचं, कुठल्या क्रमाने, आणि कधी थांबायचं

मी छोट्या धंद्यांच्या वेबसाइट बनवतो आणि दुसऱ्यांनी बनवलेल्या दुरुस्त करतो. होमस्टे, क्लासेस, मसालेवाले, दवाखाने अशी मंडळी असतात आणि सगळ्यात जास्त येणारा फोन एकच, "साइट चालू करून महिना झाला, गुगलवर येतच नाही". त्यातल्या बऱ्याच जणांना तोवर कुणीतरी बॅकलिंकचं (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका) किंवा एसइओचं (सर्चमध्ये वर येण्यासाठीचं काम) महिन्याचं पॅकेज गळ्यात मारायला निघालेलं असतं. पैसे भरायच्या आधी खालचं सगळं क्रमाने करून बघा. सुरुवातीच्या तपासण्या फुकट आहेत आणि बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

लक्षणं

"दिसत नाही" म्हणजे नेमकं काय हे आधी ठरवा, कारण सगळे हाच शब्द वापरतात आणि आजार वेगवेगळे असतात.

पहिलं लक्षण, धंद्याचं पूर्ण नाव टाकलं, अगदी डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, जसंच्या तसं टाकलं तरी साइट येत नाही.

दुसरं, होमपेज येतं पण आतली पानं येत नाहीत, किंवा आठ-पंधरा दिवस सगळं दिसत होतं आणि मग पानं एकेक करून गायब झाली.

तिसरं, नाव टाकलं की साइट पहिली येते पण "दापोली होमस्टे" किंवा "घरगुती गोडा मसाला" असं टाकलं की पाच-सहा पानं खाली गेलं तरी पत्ता नाही.

चौथं लक्षण कमी दिसतं पण ते असेल तर पुढचं वाचत बसू नका. गुगलमध्ये तुमच्या डोमेनखाली जपानी अक्षरातली शीर्षकं, औषधांच्या जाहिराती, जुगाराची पानं दिसतायत. साइट हॅक झालेली आहे, सरळ शेवटच्या भागाकडे जा.

हे वेगळं का करायचं, तर सर्च इंजिनचं काम तीन टप्प्यांत चालतं. आधी त्यांचा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, येऊन पान वाचतो, मग ते पान साठ्यात घ्यायचं की नाही हे ठरतं, त्यालाच आपण इंडेक्स म्हणतो, आणि घेतलं असेल तरच कुणी काही शोधल्यावर त्याचा नंबर कितवा हा प्रश्न येतो. पहिल्या लक्षणात अडचण बहुतेक बॉट आत येण्यात किंवा "घेऊ नका" असं पानावरच लिहिलेलं असण्यात असते, दुसऱ्यात निवड होण्यात, तिसऱ्यात नंबरात. बॅकलिंक, कीवर्ड वगैरे सगळे नंबराचे उपाय आहेत, ते पहिल्या लक्षणावर करणं म्हणजे शटर बंद ठेवून दुकानाची पाटी रंगवत बसणं.

एक मिनिटाची तपासणी

गुगलच्या सर्चमध्ये इंग्रजी अक्षरांत साइट हा शब्द, लगेच कोलन, आणि मधे स्पेस न सोडता तुमचं डोमेन टाका. जी पानं दिसतील ती इंडेक्समध्ये आहेत. वर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नका, तो अंदाजे असतो आणि सगळी पानं दिसतीलच असंही नाही, पण काहीच नाही का थोडं आहे एवढं लगेच कळतं. नंबर बघायचा असेल तर मात्र इन्कॉग्निटोमध्ये बघा. आपल्याच फोनवर आपण रोज आपलीच साइट उघडत असतो, त्यामुळे तिथे ती वर दिसते आणि माणूस उगाच खूश होतो, नाहीतर गिऱ्हाइकाच्या फोनवर दिसली नाही म्हणून उगाच घाबरतो.

वर्डप्रेसचा तो चौकोन

साइट वर्डप्रेसवर असेल तर सेटिंग्जमध्ये रीडिंगवर जा, खाली "डिसकरेज सर्च इंजिन्स फ्रॉम इंडेक्सिंग धिस साइट" असा एक चौकोन आहे. त्यात टिक असेल तर काढा आणि सेव्ह करा. साइट बनत असताना अर्धवट पानं गुगलवर जाऊ नयेत म्हणून बनवणारा ही टिक लावतो, ते बरोबरच आहे, पण साइट लाइव्ह करायच्या गडबडीत ती तशीच राहते. नव्या साइटचं पहिलं लक्षण असेल तर मी सगळ्यात आधी इथेच बघतो.

वर्डप्रेस ५.३ पासून, म्हणजे २०१९ पासून, ही टिक प्रत्येक पानात नोइंडेक्स असा टॅग घालते. टॅग स्पष्ट आहे, हे पान साठ्यात घेऊ नका, आणि गुगल तो पाळतं. टिक काढल्यावर कॅशे प्लगइन (पानाची तयार प्रत साठवून तीच दाखवणारं) असेल तर त्याचा कॅशे पण रिकामा करा, नाहीतर बॉटला जुनंच पान मिळत राहतं आणि तुम्ही म्हणता टिक तर काढली. खात्री करायची असेल तर कॉम्प्युटरवर पान उघडून कंट्रोल आणि यू दाबा, जो कोड दिसेल त्यात नोइंडेक्स शोधा. योस्ट किंवा रँक मॅथसारखं प्लगइन असेल तर त्यात एकेका पानाला वेगळी सेटिंग असते, तीही बघा, कारण होमपेज ठीक आणि सगळी प्रॉडक्ट पानं नोइंडेक्स असं पुष्कळदा सापडतं.

सर्च कन्सोल उघडा, अंदाज बंद करा

गुगल सर्च कन्सोल फुकट आहे आणि ते न उघडता या विषयावर कुणाशीही बोलण्यात अर्थ नाही. डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सेटिंगमध्ये, टीएक्सटी रेकॉर्ड नावाची एक ओळ टाकून मालकी सिद्ध करायची असते, जमत नसेल तर ज्यांच्याकडून डोमेन घेतलं त्यांच्या सपोर्टला सांगा, ते टाकून देतात. मग वरच्या पट्टीत आपल्या एखाद्या पानाचा पत्ता टाकला की यूआरएल इन्स्पेक्शन उघडतं आणि ते पान इंडेक्समध्ये आहे का, नसेल तर का नाही, हे गुगल स्वतः सांगतं.

"एक्स्क्लुडेड बाय नोइंडेक्स टॅग" म्हणजे वरचाच चौकोन किंवा प्लगइन. "ब्लॉक्ड बाय रोबॉट्स" म्हणजे पुढची तपासणी. "यूआरएल इज अननोन टू गुगल" म्हणजे पानाची गुगलला खबरच नाही, कुठून लिंकही नाही आणि साइटमॅप, म्हणजे साइटच्या पानांच्या पत्त्यांची यादी, तीही दिलेली नाही. बाकीचे दोन संदेश, "डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड" आणि "क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड", यांच्यावर खाली वेगळं लिहिलंय कारण लोक त्यातच सगळ्यात जास्त अडकतात.

दोष काढला की "टेस्ट लाइव्ह यूआरएल" दाबा, आत्ता या क्षणी बॉटला काय दिसतं ते समोर येतं, फोटोसकट. सगळं हिरवं असेल तर "रिक्वेस्ट इंडेक्सिंग" एकदा दाबा. एकदाच. पुन्हा पुन्हा दाबून रांगेत नंबर वर येत नाही आणि रोजची मर्यादाही असते. त्यानंतर निदान आठवडा जाऊ द्या. सर्च कन्सोलच्या डाव्या यादीत रिमूव्हल्स आहे, तिथेही नजर टाका, आधीच्या डेव्हलपरने कधी पानं लपवायची विनंती केली असेल तर ती सुमारे सहा महिने लागू राहते.

रोबॉट्सची फाइल आणि साइटमॅप

डोमेनच्या पुढे स्लॅश देऊन रोबॉट्स डॉट टीएक्सटी उघडा. बॉटने काय वाचायचं नाही ते या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ही पद्धत १९९४ पासूनची आहे, २०२२ मध्ये तिला अधिकृत इंटरनेट मानक म्हणून जागा मिळाली. "डिसअलाउ" या शब्दापुढे नुसता एक स्लॅश असेल तर पूर्ण साइट बॉटला बंद आहे, ती ओळ काढायची.

इथे एक गाठ लोकांना सुटत नाही. रोबॉट्सची फाइल वाचायला मनाई करते, साठ्यात घ्यायला नाही. म्हणून बंद केलेलं पानसुद्धा दुसरीकडच्या लिंकवरून गुगलमध्ये नुसतं नाव म्हणून येऊ शकतं, खाली वर्णन काहीच नाही. आणि तुम्ही पानावर नोइंडेक्स लावून वर रोबॉट्समध्येही ते बंद केलं तर बॉट तो टॅग वाचूच शकत नाही. काय लपवायचंय आणि काय दाखवायचंय ते ठरवा आणि एकच उपाय वापरा.

साइटमॅप सर्च कन्सोलमध्ये एकदा टाकला की काम झालं. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते बसतात, आपली साइट वीस-तीस पानांची, त्यामुळे मर्यादेची चिंता नको. त्यात प्रायॉरिटीचे आकडे भरत बसू नका, गुगल ते बघत नाही. नव्या साइटला बाहेरून लिंक जवळपास नसतात म्हणून साइटमॅप उपयोगी, पण साइटमॅपमध्ये आहे म्हणून पान घेतलंच जाईल अशी हमी नाही.

मजकूर खरंच मजकूर आहे का

ही तपासणी मराठी साइटना फार लागते. पानावरची एक ओळ सिलेक्ट करा, कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठी तशीच आली तर ठीक. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा आला तर तो मजकूर श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधून आलेला आहे. डीटीपीवाल्याकडचं पत्रक उचलून तसंच साइटवर टाकलं की असं होतं. फॉन्ट लोड झाल्यामुळे आपल्याला डोळ्यांनी "कोल्हापुरी कांदा लसूण मसाला" दिसतं पण आत साठवलेली अक्षरं रोमनच असतात, गुगलला तो खिचडाच वाचायला मिळतो आणि तो खिचडा कुणी शोधत नाही. उपाय म्हणजे युनिकोडमध्ये बदलणं, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, तिथे हमखास घोळ राहतो.

ओळ सिलेक्टच झाली नाही तर तो फोटो आहे. दरपत्रक, मेनू, क्लासची माहिती सगळं एका सुंदर बॅनरमध्ये, आणि पानावर खरा मजकूर म्हणजे फक्त फोन नंबर. असं पान बॉटच्या लेखी जवळपास कोरं असतं. बॅनर राहू द्या, पण तेच सगळं खाली टाइप करा.

मोबाइलवरही बघा. १ जुलै २०१९ पासून गुगल नव्या साइट मुळात मोबाइलवर जशा दिसतात तशाच वाचतं. कॉम्प्युटरवर दिसणारा परिच्छेद मोबाइलच्या पानातून काढूनच टाकला असेल तर गुगलच्या दृष्टीने तो नाही. (वर्डप्रेसमध्ये लांब मराठी शीर्षकाची लिंक मधेच तुटलेली दिसते त्याची मात्र काळजी नको. एकेका अक्षराचे आणि मात्रेचे कोडमध्ये नऊ कॅरेक्टर होतात आणि मर्यादा २०० ची आहे, म्हणून ती तुटते. लिंक छोटी ठेवा, झालं.)

आपल्याकडे उघडते, बॉटला उघडत नाही

इथून पुढे थोडं कठीण. एका होमस्टेची साइट पुण्यात, मुंबईत, गावात, सगळ्यांच्या फोनवर व्यवस्थित उघडत होती आणि लाइव्ह टेस्टमध्ये मात्र ४०३, म्हणजे प्रवेश नाकारला. चौकोन साफ, रोबॉट्स साफ. शेवटी कळलं की होस्टिंगवाल्यांनी हल्ले होतात म्हणून भारताबाहेरची सगळी रहदारी सर्व्हरवरच बंद केली होती. गुगलचा बॉट मुख्यतः अमेरिकेतल्या आयपीवरून येतो, म्हणजे दार त्याच्याच तोंडावर बंद. सिक्युरिटी प्लगइन आणि फायरवॉलही असं करतात. लाइव्ह टेस्टमध्ये ४०३ किंवा ५०० च्या घरातला आकडा (सर्व्हरचीच चूक) आला तर त्याचा स्क्रीनशॉट काढून होस्टिंगच्या सपोर्टला पाठवा आणि नेमकं लिहा की गुगलबॉटला असा प्रतिसाद मिळतोय, परवानगी द्या. नुसतं "गुगलवर येत नाही" लिहिलंत तर ते म्हणणार सर्व्हर चालू आहे.

दोन साइट, एकच मजकूर

डेव्हलपरने आधी स्वतःच्या सबडोमेनवर, म्हणजे त्याच्याच डोमेनखालच्या एका पत्त्यावर, डेमो बनवलेला असतो, तो तिथे तसाच राहतो. गुगलला एकच मजकूर दोन पत्त्यांवर दिसला की ते एक निवडतं, आणि डेमो आधीपासून तिथे असेल तर तोच निवडला जाऊ शकतो. सर्च कन्सोलमध्ये तेव्हा "डुप्लिकेट, गुगल चोझ डिफरंट कॅनॉनिकल" असं येतं. पानाचा कोड उघडून कॅनॉनिकल (पानाचा मूळ पत्ता कुठला ते सांगणारी ओळ) शोधा, त्यापुढचा पत्ता तुमच्या डोमेनचाच हवा, डेमोचा असेल तर दोष सापडला. डेमो काढून टाकायला सांगा किंवा तिथून तुमच्या साइटवर ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे कायमचं आपोआप वळवणं, लावून घ्या. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू सकट आणि त्याशिवाय, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, असे चारही पत्ते टाकून बघा, शेवटी सगळे एकाच पत्त्यावर यायला हवेत.

डोमेनचा पूर्वेतिहास

छान छोटं नाव स्वस्तात मिळालं असेल तर ते आधी कुणाचं तरी असू शकतं. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर डोमेन टाका, जुनी पानं दिसतील. तिथे जुगार किंवा कचरा लिंका दिसल्या तर सर्च कन्सोलमध्ये "मॅन्युअल अ‍ॅक्शन्स" (गुगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई) बघा, आधीच्या मालकाच्या करणीची कारवाई नव्या मालकाच्या माथी राहू शकते. मॅन्युअल अ‍ॅक्शन्समध्ये काहीच नसेल तर नुसत्या जुन्या पानांवरून घाबरून डोमेन बदलू नका.

वाचलं, पण घेतलं नाही

"डिस्कव्हर्ड" म्हणजे पत्ता माहीत आहे, अजून आलो नाही. नव्या साइटला हे साहजिक आहे, थांबा, आणि होमपेजवरून त्या पानाला सरळ लिंक आहे ना ते बघा. "क्रॉल्ड" म्हणजे येऊन वाचून गेलो आणि तूर्तास ठेवलं नाही. इथे तांत्रिक दोष बहुतेक नसतो, इथे पानातच दम नसतो, आणि हे ऐकायला कुणालाच आवडत नाही.

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे गावांची नावं बदलून केलेली पानं. "साताऱ्यात प्लंबर", "कराडमध्ये प्लंबर", "वाईत प्लंबर", आत मजकूर शब्दशः तोच. गुगलच्या स्पॅम धोरणात अशा पानांना डोअरवे म्हणतात. मार्च २०२४ मध्ये तर ढिगाने पाडलेल्या मजकुरावर, मग तो माणसाने लिहिलेला असो की मशीनने, स्वतंत्र नियमच आला. अशी तीस पानं काढून एक धड पान करा. होमस्टे असेल तर खेड स्टेशनला उतरून दापोलीला कसं यायचं, शेवटची एसटी चुकली तर काय, पावसाळ्यात रस्ता कसा असतो, लहान मुलं घेऊन येणाऱ्यांना वरच्या खोल्या का देत नाही, जेवणात मासे त्या दिवशीच्या बाजारावर अवलंबून का असतात. हे तुमच्याशिवाय कुणी लिहू शकत नाही आणि गिऱ्हाईक फोनवर रोज हेच विचारतं, मग ते पानावर का नाही?

नंबर वर येत नाही

आता तिसरं लक्षण. नव्या साइटना गुगल मुद्दाम काही महिने दाबून ठेवतं अशी चर्चा २००४ पासून चालू आहे, सँडबॉक्स म्हणतात त्याला, आणि असं काही नाही हे गुगलच्या लोकांनी वेळोवेळी सांगितलंय. कारण काहीही म्हणा, माझ्यासमोर येणारं चित्र असं की ज्या साइटचं कुणी नाव घेतलेलं नाही, जिच्याकडे एक लिंक नाही, ती वर्षानुवर्षं चालू असलेल्या साइटच्या वर लगेच जात नाही. दुसऱ्या पानांवरून येणाऱ्या लिंका बघून महत्त्व ठरवणं ही गुगलची १९९८ पासूनची मूळ कल्पना आहे आणि आज तिच्या जोडीला बाकी पुष्कळ गोष्टी आल्या तरी ती गेलेली नाही.

म्हणून खऱ्या लिंका मिळवा. तुम्ही ज्यांना माल देता त्या दुकानाची साइट, तालुक्याच्या व्यापारी संघटनेची यादी, क्लासचा माजी विद्यार्थी लिहितो तो ब्लॉग. विकत घेतलेल्या पाचशे लिंका गुगलच्या स्पॅम धोरणाविरुद्ध आहेत, त्या बहुतेक मोजल्याच जात नाहीत आणि वाईटात वाईट म्हणजे कारवाई होते. "डोमेन ऑथॉरिटी" वाढवून देतो म्हणणाऱ्याला सांगा की तो आकडा गुगलचा नाही, बाहेरच्या कंपनीचा आहे. मेटा कीवर्डच्या रकान्यात (पानाच्या कोडमधली शोधशब्दांची यादी) शंभर शब्द भरणाऱ्यालाही सांगा, गुगलने २००९ मध्येच जाहीर केलंय की नंबर ठरवताना ते वापरत नाही.

दुकान, दवाखाना, होमस्टे असेल तर गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगल नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद, साइटच्या आधी भरा. नकाशातला नंबर शोधाशी जुळणं, अंतर आणि प्रसिद्धी यावर ठरतो, तिथे नवा धंदाही जवळच्या गिऱ्हाइकाला लवकर दिसू शकतो. आणि लोक "मिसळ" देवनागरीतही शोधतात आणि इंग्रजी अक्षरांतही, त्यामुळे पदार्थाचं आणि गावाचं नाव पानावर सहजपणे दोन्ही लिपींत एकदा येऊ द्या. वीस वेळा नको.

बिंग वेगळं आहे, त्याचं वेबमास्टर टूल्स सर्च कन्सोलवरून माहिती सरळ उचलतं, तेही करून टाका.

वेळ किती? गुगल स्वतः म्हणतं की काही बदल तासांत दिसतात, काहींना महिने लागतात. एसइओचं काम केल्यावर फरक दिसायला चार महिने ते वर्ष लागतं असं त्यांच्याच लोकांनी सांगितलंय. दर दोन दिवसांनी शीर्षक बदललंत तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

साइट हॅक झाली असेल तर स्वतः फाइली डिलीट करू नका. होस्टिंगला कळवा, सगळे पासवर्ड बदला आणि साफसफाई जाणकाराकडून करून घ्या, दिसणारी पानं काढली तरी आतला चोरदरवाजा राहतो आणि आठवड्यात सगळं परत येतं. मॅन्युअल अ‍ॅक्शन असेल तर फेरविचाराची विनंती घाईत पाठवू नका, आधी दोष पूर्ण काढून मग, आणि हे ज्याने पूर्वी केलंय त्याच्याकडून. पानाच्या कोडमध्ये मजकूरच नाही, सगळं जावास्क्रिप्टने येतं आणि लाइव्ह टेस्टच्या फोटोत पान कोरं दिसतं, तर ते डेव्हलपरचं काम आहे, प्लगइनने सुटत नाही. सर्व्हर वारंवार ५०० देतोय तर होस्टिंगचं. जुन्या डोमेनवरून नव्यावर जायचं असेल तर सुरू करण्याआधीच बोलवा.

एसइओवाला घेताना पहिल्या नंबरची हमी देणारा घेऊ नका, अशी हमी कुणीच देऊ शकत नाही हे गुगलनेच लिहून ठेवलंय, आणि पैसे घेऊन ते नंबर वर करत नाहीत. कामाआधी त्याला विचारा की सर्च कन्सोलमध्ये काय बघितलं आणि कुठल्या पानाला कुठला संदेश आहे. डोमेन, होस्टिंग आणि सर्च कन्सोलची मालकी तुमच्या स्वतःच्या ईमेलवर ठेवा, त्याला फक्त यूजर म्हणून जोडा, काम संपलं की तो प्रवेश काढून घ्या.